शेक्सपिअरच्या सासऱ्याचे मृत्युपत्र आणि इंग्लंडमधला वंशशोध

रिचर्ड हॅथवे हा शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावाजवळच्या शॉटरीचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी. १५८१ मध्ये मृत्युपत्र करताना त्याने ॲग्नेस या मुलीच्या लग्नासाठी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स लावून दिले. थॉमस व्हिटिंग्टन या आपल्या मेंढपाळाचे देणे राहिले आहे, हेही त्यात नमूद केले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १५८२ मध्ये, वुस्टरच्या बिशपच्या कचेरीत दोघा शेतकऱ्यांनी विल्यम शेक्सपिअर आणि ॲन हॅथवे यांच्या लग्नासाठी ४० पौंडांचा जामीनकतबा, म्हणजे लग्नात कायद्याची अडचण निघाल्यास पैसे भरण्याची हमी, लिहून दिला. लग्नाची नोंद मात्र कोणत्याच चर्चच्या वहीत सापडलेली नाही. ॲनच्या बाप्तिस्म्याचीही नाही, कारण स्ट्रॅटफर्डची वही १५५८ पासून सुरू होते आणि थडग्यावरच्या वयाप्रमाणे ॲन त्याआधीच जन्मलेली होती.

मग शॉटरीची ॲग्नेस हीच शेक्सपिअरची बायको, हे कशावरून? जामीन राहिलेल्या दोघांपैकी एक जण हॅथवेच्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता आणि दुसऱ्यावर त्याने त्या मृत्युपत्राच्या अंमलावर देखरेखीची जबाबदारी टाकली होती. ॲन आणि ॲग्नेस ही नावे त्या काळी सर्रास एकमेकांच्या जागी येत. शेवटची गाठ मारली ती मेंढपाळाने. १६०१ मध्ये व्हिटिंग्टनने स्वतःचे मृत्युपत्र केले, त्यात गावातल्या गरिबांना ४० शिलिंग ठेवले, आणि ते पैसे ‘विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन’ हिच्याकडून आपल्याला येणे आहेत असे लिहिले. हॅथवेंच्या घरचा हा जुना गडी दोन्ही मृत्युपत्रांत नसता, तर ही ओळख बरीच लंगडी राहिली असती.

इंग्लंडमधला वंशशोध बहुतेक वेळा असाच चालतो. वंशावळ लिहून ठेवावी म्हणून यातला एकही कागद झालेला नाही. कुणाला कर हवा होता, कुणाला वसुली करायची होती, कुणाला भावाविरुद्ध दावा लावायचा होता. कागद का झाला हे कळले, की तो किती खरा मानायचा हेही कळू लागते.

पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वह्यांचे मूळ आठव्या हेन्रीच्या राजवटीत आहे. रोमशी नाते तुटल्यावर राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला: प्रत्येक पॅरिशने वही करावी, दर रविवारी चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) समक्ष आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने तीत लिहावीत, आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. चुकल्यास ३ शिलिंग ४ पेन्स दंड. लोकांना वाटले, आता बाप्तिस्म्यावरही कर बसणार. ही शंका अगदीच खुळी नव्हती, फक्त दीडशे वर्षे लवकर आली होती. १६९५ पासून काही वर्षे जन्म, लग्न आणि दफनावर खरोखरच कर होता. १७८३ मध्ये पुन्हा दर नोंदीमागे ३ पेन्स लागू झाले, ते १७९४ पर्यंत टिकले. गरिबांना त्यात माफी होती, म्हणून त्या अकरा वर्षांत नावापुढे ‘गरीब’ असा शेरा दिसला तर तो जरा हात राखूनच वाचावा.

सुरुवातीच्या कागदी वह्यांपैकी फारच थोड्या उरल्या. १५९८ मध्ये हुकूम निघाला, की जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरवाव्यात, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनच्या तरी. पाद्र्यांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला आणि म्हणून कितीतरी वह्या १५५८ लाच सुरू होतात. स्ट्रॅटफर्डच्या वहीतल्या १६०० पर्यंतच्या नोंदी एकाच हातच्या आहेत. म्हणजे २६ एप्रिल १५६४ ची शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची जगप्रसिद्ध नोंदसुद्धा नक्कलच. त्याच हुकुमाने दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवणे बंधनकारक झाले. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर आज ती प्रत कामी येते.

१६४२ च्या यादवी युद्धात पाद्री हाकलले गेले, वह्या दडवल्या गेल्या, आणि पुढची वीसेक वर्षे कितीतरी गावांच्या नोंदींत भोके पडली. तारखांचाही एक फास आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. शेक्सपिअरच्या जुळ्या मुलांचा बाप्तिस्मा आपल्या हिशेबाने २ फेब्रुवारी १५८५ चा, पण वहीत साल १५८४ आहे. हे ध्यानात न घेतल्यास एखादे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले ठरते. लग्नाची नोंद खऱ्या अर्थाने भरवशाची झाली ती १७५४ पासून, हार्डविकच्या लग्नविषयक कायद्याने. तेव्हापासून वधूवरांची आणि साक्षीदारांची सही, किंवा सही करता येत नसल्यास फुली, येऊ लागली. १८१३ पासून छापील नमुने आले आणि १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी. तिथून पुढचे काम तुलनेने सोपे.

वहीत माणूस ओळीपुरता भेटतो, मृत्युपत्रात त्याचे गणगोत सापडते. १२ जानेवारी १८५८ पर्यंत मृत्युपत्रे मंजूर करण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि अशी न्यायालये दोनशेहून अधिक होती. कोणाचे मृत्युपत्र कुठे जायचे, हे मालमत्ता कुठे आणि किती यावर ठरे. सर्वांत वरचे न्यायालय कँटरबरीच्या आर्चबिशपचे. शेक्सपिअरचे मृत्युपत्र तिथेच, २२ जून १६१६ रोजी, मंजूर झाले. बायकोला दिलेल्या ‘दुसऱ्या नंबरच्या पलंगा’वर लोकांनी पुष्कळ तर्क लढवले. वंश शोधणाऱ्याला त्यापेक्षा मोलाची ती ओळ आहे, जिच्यात बहीण जोन हिला वर्षाला १२ पेन्स भाड्याने हेन्ली स्ट्रीटच्या घरात तहहयात राहू दिले आहे. शेक्सपिअरचा स्वतःचा वंश १६७० मध्ये नात एलिझाबेथ वारल्यावर खुंटला. तिने आपल्या मृत्युपत्रात हेन्ली स्ट्रीटची घरे जोनच्या नातवांना दिली, आणि कुळाचा धागा बहिणीकडून पुढे गेला.

मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे बापाने मुलाला तोडले, असा निष्कर्ष नवखे लोक हटकून काढतात. थोरल्या मुलाला जमीन कायद्यानेच मिळत असे, किंवा आधीच दिलेली असे, म्हणून त्याचा उल्लेखही नसे. याउलट मूलबाळ नसलेल्या आत्याचे किंवा मावशीचे मृत्युपत्र म्हणजे घबाडच, कारण तिचे भाचेभाच्या, त्यांची लग्ने, त्यांची गावे सगळे एका कागदावर येते. लग्न झालेल्या बाईला मात्र १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. इंग्रजी वंशावळीत आईकडची बाजू पातळ पडते, त्याचे हे एक मोठे कारण.

जमिनीचे कागद वाचायला सर्वांत कंटाळवाणे आणि पुराव्याला सर्वांत पक्के. मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर; तिच्या जमीनदाराकडून ‘कॉपीहोल्ड’ पद्धतीने जमीन धरणारा कुणबी मेला, की वारस मॅनरच्या कोर्टात हजर होई, नजराणा भरी आणि दप्तरात त्याचे नाव लागे. आपल्या फेरफाराच्या नोंदीसारखेच हे. नोंदीची नक्कल कुळाच्या हाती पडे आणि तीच त्याच्या हक्काचा पुरावा. ही पद्धत १९२६ च्या प्रारंभी संपली. कोर्टाचे दप्तर १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये, तेही आखूड केलेल्या शब्दांत, म्हणून हौशी संशोधक त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. पण चर्चची वही सुरू होण्याआधीची साध्या शेतकऱ्याची पिढी सापडली तर इथेच सापडते.

तंटा झाला तर आणखी चांगले. शेक्सपिअरची आई मेरी आर्डेन ही आठ मुलींतली धाकटी. बापाने १५५६ च्या मृत्युपत्रात तिला विल्मकोटची जमीन दिली. १५७८ मध्ये ती जमीन ४० पौंडांना गहाण पडली, सुटेना, आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. १५८८ च्या त्या दाव्यात आईबापांसोबत विल्यमचेही नाव आहे. जुळ्यांचा बाप्तिस्मा आणि १५९२ मधली लंडनच्या रंगभूमीवरची पहिली चाहूल यांच्यामध्ये त्याचा पत्ता लागतो तो एवढ्याच ठिकाणी.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचे काय? इथे एक गंमत आहे. अगदी कफल्लक माणसाची माहिती पुष्कळदा पोटापुरते कमावणाऱ्यापेक्षा जास्त मिळते. १६६२ च्या कायद्याने, परक्या पॅरिशमधून आलेला माणूस आपल्या पॅरिशवर भार होईल असे वाटले, तर त्याला परत धाडता येई. त्यासाठी त्याची जबानी होई: जन्म कुठला, चाकरी कोणाकडे, पगार किती, लग्न कधी, मुले केवढी. पाठवणी करणाऱ्याला माणुसकीशी देणेघेणे नव्हते, पण त्या जबान्या आज छोट्या आत्मचरित्रांसारख्या वाचता येतात.

शोधाचा धागा कधी मुंबईलाही येतो. कंपनीच्या चाकरीत इकडे आलेल्या इंग्रजांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या वहीत दफन न सापडलेला धाकटा मुलगा पुष्कळदा तिथे भेटतो.

खुद्द इंग्लंडमध्ये १९७८ च्या नियमाने चर्चच्या जुन्या वह्या जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत जमा होऊ लागल्या, पण काही गोष्टी त्याआधीच गेल्या होत्या. मे १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्सेटरवर बॉम्ब टाकले आणि डेव्हन परगण्याची शतकानुशतकांची मृत्युपत्रे जळाली. त्यातल्या १८१२ ते १८५७ मधल्या बऱ्याच मृत्युपत्रांचा मजकूर तरीही वाचला, कारण वारसांकडून कर वसूल करण्यासाठी लंडनच्या महसूल खात्याने त्यांच्या नकला मागवून ठेवल्या होत्या.