डिजिटल टिपणवही

मोबाइल, टॅब किंवा संगणकावर टिपणे लिहिण्यासाठी, साठवण्यासाठी आणि हवी तेव्हा शोधून काढण्यासाठी वापरले जाणारे ॲप. बोलण्यात त्याला नुसते ‘नोट्स’ म्हणतात. डायरी, हिशेबाची चोपडी, फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी आणि घाईत तळहातावर लिहून घेतलेला नंबर, या चौघांचे काम ते एकट्याने करते. लिहायला कागदही तितकाच सोयीचा आहे. ॲपची खरी गरज लागते ती लिहिलेले सहा महिन्यांनी हुडकताना. मराठीत टिपणे ठेवणाऱ्यांची गोची नेमकी तिथेच होते, म्हणून या नोंदीत त्या भागाला जास्त जागा दिली आहे. उदाहरणे नागपूर आणि आसपासची आहेत.

नागपुरात इतवारीच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे, हीच रीत इथे आहे. रोजची टिपणे म्हणजे कीर्द, लेबले (टिपणाला चिकटवायचे विषयाचे शब्द) म्हणजे खाती. खतावणीसाठी मुनीम किंवा दिवाणजी बसवावा लागे; ॲपमध्ये एकाच टिपणाला ‘घर’, ‘विमा’ आणि ‘आई’ अशी तीन लेबले लावली की ते तिन्ही खात्यांत दिसते आणि मूळ प्रत एकच राहते. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी आता लॅपटॉपही मांडलेला दिसतो, तेव्हा नाते लोकांनी आपणहून ओळखलेले आहे.

अमेरिकन अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ या कल्पित यंत्राचे वर्णन केले. माणसाची पुस्तके, पत्रे आणि नोंदी मायक्रोफिल्मवर साठवणारे, एका नोंदीवरून दुसरीकडे जाण्याच्या वाटा जपणारे ते टेबल होते. ते कधी बनले नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांनी मात्र कागदाच्या चिठ्ठ्यांवरच असे जाळे उभारले. त्यांच्या खणांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहिलेला असे. मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ च्या ऑफिससोबत आले, पहिल्या आयफोनमध्ये २००७ साली नोट्स होते, त्यानंतर एव्हरनोट (२००८), गूगल कीप (२०१३), नोशन (२०१६) आणि ऑब्सिडियन (२०२०).

बहुतेक ॲपांत टिपण आधी फोनवर लिहिले जाते आणि नेट मिळाले की कंपनीच्या सर्व्हरवर चढते. तिथून ते दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उतरते. म्हणून बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) एखाद्या तळघरातल्या दुकानात रेंज नसली तरी यादीवर खूण करता येते. नवरा-बायकोत वाटून घेतलेली भाजीची यादी हा यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी कौतुक होणारा प्रकार असावा. गोकुळपेठेच्या बाजारात एकाने ‘सांभार’वर टिक केली की घरी बसलेल्याच्या यादीतूनही ते कटते. (पुण्याकडच्या वाचकांसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर.) दोघांचेही फोन नेटविना असताना एकच ओळ दोघांनी बदलली, तर काही ॲपे दोन्ही प्रती ठेवतात, काही शेवटची ठेवून आधीची पुसतात. आपले ॲप कोणत्या जातीचे आहे हे एकदा मुद्दाम करून पाहावे.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराच्या फोनमधले टिपण साधारण असे असते : ‘आंबिया. ताण सुरू १२ डिसेंबर. ताण तोडला २० जानेवारी, हलके पाणी. फूल ९ फेब्रुवारी. गळ मे दुसरा आठवडा, खालच्या बांधाकडच्या ओळी जास्त.’ (आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार, ताण म्हणजे फुलोऱ्यासाठी झाडांचे पाणी तोडणे, गळ म्हणजे फळगळ.) खाली पानांचे दोन फोटो आणि औषधाच्या बिलाचा एक. प्रत्येक ओळ त्या त्या दिवशी बागेत उभ्याने टाकलेली, म्हणून त्रोटक. पण तारीख आणि जागा सुटलेली नाही. नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत फळगळीबद्दल विचारायला गेल्यावर ‘ताण किती दिवसांचा होता?’ याचे उत्तर आठवणीतून द्यावे लागत नाही. कळमन्याच्या बाजारात माल नेला की त्या दिवसाचा भाव त्याच टिपणाखाली पडतो. पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचे टिपण वेगळे. दोन-तीन वर्षांची अशी टिपणे एकाखाली एक ठेवली की कोणत्या ओळी दरवर्षी त्रास देतात हे दिसू लागते, आणि ॲपची किंमत वसूल होते ती तिथे.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणारे कनिष्ठ वकील प्रकरण क्रमांक आणि पुढची तारीख टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहितात. हिवाळी अधिवेशनाच्या वेळी विधान भवनाभोवती काम करणारे लोक मागच्या डिसेंबरची कामाची यादी काढून तिची नक्कल करतात आणि खुणा पुसून पुन्हा सुरुवात करतात.

आता शोधाबद्दल. इंग्रजीत टिपण ठेवणाऱ्याला एक शब्द टाकला की बहुधा काम भागते. मराठी शब्दाला विभक्ती लागली की त्याचे सामान्यरूप होते आणि मूळ शब्द मधूनच बदलतो. ‘विम्याचा हप्ता’ असे लिहिलेले टिपण ‘विमा’ शोधून मिळत नाही. ‘पाण्याची मोटर’ हे ‘पाणी’ टाकून येत नाही. ‘वही’ला ‘वह्या’ सापडत नाहीत. ॲप अक्षरे जुळवते, व्याकरण जाणत नाही. यावर साधा तोडगा असा की टिपणाच्या पहिल्या ओळीत विषयाचा शब्द प्रथमेत, एकवचनात, एकटाच लिहावा : विमा. पाणी. वही. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करून घेतला जातो, त्याचा इतक्या वर्षांनी हा उपयोग निघाला.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो : स्वतंत्र ‘ऱ’ अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र ते वेगळे शब्द ठरू शकतात. फोनवर एका कळपाटाने (कीबोर्डने) आणि ऑफिसच्या संगणकावर दुसऱ्याने टाइप करणाऱ्याची टिपणे अशी दोन गटांत विभागली जातात आणि त्याला पत्ताही नसतो. ‘ॲप’ या शब्दाचीच तीच गत आहे. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्याआधी आणि नंतरही कित्येक जण ‘अ’वर चंद्र देऊन काम चालवतात. त्यात देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे वेगळे, ‘बिल’ आणि ‘बील’ वेगळे. नागपूरकराच्या टिपणांत मराठी-हिंदीची सरमिसळही असते : एकदा ‘भाडे’, एकदा ‘किराया’. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग, कारण त्या फॉन्टखाली मराठी कधी नव्हतीच. नेहमी लागणाऱ्या दहा-बारा शब्दांसाठी लेबले करून ठेवणे, म्हणजे टाइप न करता बोटाने निवडता येतील, हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. लेबले साठ झाली की तीही हुडकावी लागतात.

टिपण ठेवल्याने काम झाल्यासारखे वाटते, हा या सवयीचा जुना रोग आहे. ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेल्या दुव्यांचा ढीग बहुतेकांकडे असतो. प्रस्तुत लेखकाच्या फोनमध्ये ‘महत्त्वाचे’ या नावाची चार टिपणे आहेत आणि चौथ्यात ‘तिसरे बघ’ एवढेच लिहिलेले आहे. चालू कामे, कायमच्या जबाबदाऱ्या, संदर्भ आणि संपलेले असे चार कप्पे करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. त्यातला संपलेल्यांचा कप्पा लोक करत नाहीत, आणि शोधताना सगळी गर्दी त्याच टिपणांची होते.

टाकून दिलेली टिपणे किती दिवस परत मिळतात, हे ॲपनुसार बदलते : कीपमध्ये ७ दिवस, ॲपलच्या नोट्समध्ये साधारण ३०. फुकट सोयही कायमची नसते. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत वापर ५० टिपणे आणि एका वहीपुरता आणला, तेव्हा हजारो टिपणे असलेल्यांना पैसे भरणे किंवा दुसरीकडे जाणे एवढेच उरले. म्हणून सगळी टिपणे फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, हे ॲप निवडतानाच पाहतात. ऑब्सिडियन टिपणे साध्या मजकूर फाइलींतच ठेवते, त्यामुळे ॲप गेले तरी त्या उघडतात. एटीएमचा पिन, पासवर्ड आणि आधार क्रमांक साध्या टिपणात लिहू नयेत. उघडा फोन हातात पडलेल्याला ते वाचायला काहीच लागत नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन तापून तापमानाची सूचना देतो, कधी सरळ बंद पडतो. दवाखान्याचा पत्ता, घरच्यांचे दोन नंबर आणि रक्तगट एवढे कागदावर लिहून पाकिटात ठेवणारे लोक इथे आजही आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या फोनमध्ये टिपणवही आहे.