मिलीबग संपला की ती माशी पपई खाणार?

आमच्या चिकोडी-निपाणीकडं अजून कट्ट्यावर हेच चालू असतं, पपईवरच्या मिलीबग किडीला मारायला परदेशातनं आणलेली ती माशी मिलीबग संपला की पपईवर उलटणार. तसं काय नाही ओ. हा पांढरा, कापसासारखा मिलीबग मूळचा मेक्सिकोकडचा, भारतात 2008 ला कोइम्बतूरला सापडला, लोक औषधं मारून दमले, मग 2010 मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी आणली, मुंगीपेक्षा बारीक गांधीलमाशीच म्हणा. ती मिलीबगच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतनं खाते, राहतं ते फुगलेलं कडक टरफल, त्याला गोल भोक दिसलं की समजा नवी माशी उडाली. मिलीबगच नसेल तर हिची पिल्लं वाढणार कशात? पपईच्या पानात तर नाहीच! उलट आपण पंप घेऊन सुटलो की आधी हीच मरते.