टिकलेला आणि अडकलेला

पणजीतल्या पाटोवरच्या एखाद्या बॅक-ऑफिसात शेजारी-शेजारी बसणारे दोघे डोळ्यांसमोर आणा. एक पेडण्याचा, एक डिचोलीचा. दोघांनाही सहा वर्षं झाली, अमेरिकेतल्या एकाच क्लायंटची बिलं दोघे तपासतात. ॲट्रिशनच्या, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या, आकड्यात दोघांची गणती एकच: सोडून गेले नाहीत. मॅनेजर खूश. पण त्यातला एक टिकलाय आणि दुसरा अडकलाय.

ओळखायचं कसं? 'अजून इथेच?' असं विचारून बघा. टिकलेला कामाचं बोलतो. प्रोसेस हातात बसलीय, नवी पोरं अडली की माझ्याकडेच येतात, टीएल, म्हणजे टीम लीडर, सांभाळून घेतो. अडकलेला हिशेब मांडतो. गाडीचा हप्ता, म्हातारी आई, एवढा पगार गोव्यात दुसरीकडे कोण देणार? ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरत आलेला माणूस कसे दिवस मोजतो, ते कुठल्याही फ्लोअरवर दिसेल.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये हे वेगळं करून मांडलं: राहावंसं वाटतं म्हणून राहणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, आणि तिसरं, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. (हा तिसरा प्रकार आपल्याकडे ओळखीने चिकटलेल्यांत सापडतो.) त्याआधी १९५८ मध्ये जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी सांगून ठेवलं होतं की सोडावंसं वाटणं वेगळं आणि सोडता येणं वेगळं. गोव्यात घोडं अडतं ते इथेच. पुण्यात कंपनी बदलली तरी खोली तीच राहू शकते; इथे चांगली नोकरी बदलायची म्हणजे पुष्कळदा गाव सोडायचं. म्हणून कमी ॲट्रिशन पाहून हुरळून जाऊ नये. सरकारी जागा निघाली, बोटीवरच्या नोकरीत नंबर लागला, की अडकलेला आधी उठतो. एक्झिट इंटरव्ह्यूत कारण 'वैयक्तिक', कारण रिलीव्हिंग लेटर हवं असतं. पगार वाढवला तर थांबेलही, पण गाठ आणखी आवळते.

मग गावासाठी थांबलेला कोणत्या खणात? टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की ऑफिसबाहेरची नातीसुद्धा माणसाला नोकरीत रोवून ठेवतात. देवळातलं भजन, दुपारची नुस्त्याची (मासळीची) कडी यांसाठी जो पुण्याची ऑफर नाकारतो, त्याला मी तरी अडकलेला म्हणणार नाही.

आणि रात्रपाळीवर सगळं खापर फोडू नये. न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. हे दोघांनाही सारखंच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, मात्र क्लायंटच्या कॅलेंडरात नसते. टिकलेला महिनाभर आधी टीएलशी बोलून, शिफ्ट बदलून गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला घरी जातो. अडकलेला विचारतच नाही. त्या सकाळी त्याचा मेसेज येतो: ताप आहे.