एकहाती व्यवसाय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

पगारी माणूस न ठेवता एकाच व्यक्तीने चालवलेला आणि कचेरीतली बरीचशी कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करून घेणारा व्यवसाय. एकट्याचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. शिंपी, घड्याळजी, भाषांतरकार, शिकवणी घेणाऱ्या बाई, घरून मसाले विकणारी गृहिणी हे सगळे एकखांबी तंबूच. कसबात ही माणसे कमी पडत नसत. दिवसभर राबून रात्री कोटेशन लिहायचे, थकलेल्या बिलाची आठवण करून द्यायची, परगावच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत उत्तर धाडायचे, हे त्यांना जड जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेने नेमका इथेच हात दिला. मोठ्या कंपन्यांपेक्षा या एकट्या माणसाला तिचा आधार अधिक वाटावा, यात नवल नाही.

ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे विचारले त्याचे उत्तर लिहून देणारे साधन खुले केले आणि ही साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. फेब्रुवारी २०२३ पासून त्याची सशुल्क सेवा महिना २० डॉलरला मिळू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी महिना ३९९ रुपयांची योजना आली आणि तिचे पैसे यूपीआयने भरता येऊ लागले. अर्धवेळ मदतनिसाच्या पगाराशी तुलना केली तर ही रक्कम किरकोळच.

आज्ञावली लिहिण्याच्या क्षेत्रात बदल सर्वांत ठळक दिसला. हवे ते साध्या भाषेत सांगून प्रोग्रॅम लिहून घेण्याच्या पद्धतीला आंद्रे कारपथी या संशोधकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले. त्याआधी २०२३ मध्ये पीटर लेव्हल्स या डच उद्योजकाने छायाचित्रे बनवून देणारी फोटो एआय ही सेवा एकट्याने उभी केली होती. इस्रायलच्या माओर श्लोमो यांची बेस४४ ही, सांगितल्याबरहुकूम ॲप बनवून देणारी कंपनी जून २०२५ मध्ये विक्स या संकेतस्थळे बनवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने सुमारे ८ कोटी डॉलरना विकत घेतली. ‘एकट्याची कंपनी’ म्हणून तिचा दाखला सर्रास दिला जातो. मालक एकटा होता हे खरे, पण विक्रीच्या वेळी तिथे आठ जण कामाला होते. मालकी एकट्याची असणे आणि काम एकट्याने ओढणे यांतला फरक अशा यशोगाथा वाचताना ध्यानात ठेवावा.

रोजचे काम कसे चालते याचे एक उदाहरण घेऊ. पुण्यात घरून काम करणारी एक अंतर्गत सजावटकार साइटवरून परतताना फोनवर बोलून ठेवते : हॉल बारा बाय सोळा, फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, सागवान नको, प्लाय चालेल, रंगाचे वेगळे. घरी पोचेपर्यंत त्याचे रकानेवार कोटेशन तयार असते. आगाऊ किती, काम अर्ध्यावर आल्यावर किती, ताबा देताना किती, हेही त्यात नीट मांडलेले. रात्रीचे दोन तास वाचतात. पण त्याच कागदाच्या तळाशी ‘१८% जीएसटी’ अशी एक ओळ यंत्राने आपणहून घातलेली असते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात व गोव्यात साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून हा कर घेताच येत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३२ ने तशी मनाई केली आहे. मजकूर सफाईदार, बेरीज बरोबर, आणि तरी कागद चुकीचा. असे होते कारण भाषा-प्रारूप, म्हणजे या साधनांमागचा मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम, आधी वाचलेल्या मजकुराच्या वळणाने पुढचा शब्द मांडते. बहुतेक बिलांत ती ओळ असते, म्हणून इथेही ती आली. या बाईंची नोंदणी नाही हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणून अनुभवी मंडळी आपल्या धंद्याची माहिती पानभर लिहून ठेवतात : नोंदणी आहे की नाही, दर काय, उधारी किती दिवसांची, कोणते काम घेत नाही. कामाला बसताना ते पान आधी यंत्रापुढे ठेवायचे. एवढ्याने बऱ्याच चुका टळतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मराठीत काम करणाऱ्याला सुरुवातीला जादा भुर्दंड पडत असे. प्रारूप मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडते आणि व्यावसायिक वापराचे पैसे त्या तुकड्यांवर मोजले जातात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे नवे प्रारूप आणताना दिलेल्या नमुन्यात एकाच मजकुराला आधी इंग्रजीत २७ आणि मराठीत ९६ टोकन लागत होते. नव्या पद्धतीत ते २४ आणि ३३ वर आले. खर्चाची दरी अशी बरीच बुजली. भाषेचा पोत मात्र अजून परका वाटतो. थालिपिठाच्या भाजणीच्या पाकिटासाठी मजकूर मागितला, तर ‘अस्सल चवीच्या अविस्मरणीय प्रवासात सहभागी व्हा’ या धर्तीची वाक्ये येतात. ‘प्रत्येक धान्य वेगळे भाजले आहे, धणे दळताना घातले आहेत’ हे वाचून गिऱ्हाईक पाकीट उचलते, आणि ते वाक्य भाजणी करणाऱ्या बाईंनाच सुचते.

यंत्र चुकले तर भरपाई कुणी करायची, याचा एक निकाल कॅनडात लागला आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने, म्हणजे आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅमने, नातेवाइकाच्या मृत्यूनिमित्त मिळणाऱ्या भाडेसवलतीची चुकीची माहिती एका प्रवाशाला दिली होती. चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे, अशा आशयाचा कंपनीचा बचाव ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. विमान कंपनी अशी भरपाई सहज सोसते. आपल्याकडच्या एकल मालकीत, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या नावावर चालवलेल्या धंद्यात, धंद्याचे देणे आणि मालकाचे देणे कायद्याने एकच असल्याने झळ थेट घरापर्यंत पोचते. व्हॉट्सॲपवर यंत्राला परस्पर दर सांगू देणे म्हणूनच धोक्याचे.

ही झळ रोखणारा पर्याय म्हणजे ‘एक व्यक्ती कंपनी’. तिचा मालक एकच असतो, पण कंपनीचे देणे कायद्याने त्याच्या देण्यापासून वेगळे धरले जाते. जमशेद इराणी समितीने २००५ मध्ये तो सुचवला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने तो प्रत्यक्षात आला. १ एप्रिल २०२१ पासून ५० लाखांच्या भांडवलाची आणि २ कोटींच्या उलाढालीची मर्यादा उठली. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही अशी कंपनी काढता येऊ लागली. ती स्थापताना एका नामनिर्देशित व्यक्तीचे नाव आणि तिची लेखी संमती द्यावी लागते. मालकाचा मृत्यू झाला किंवा तो करार करण्यास असमर्थ ठरला, तर ती व्यक्ती कंपनीची सभासद होते. एकल मालकीत असे कुणी नसते. मालक रुग्णालयात असला तरी यंत्र गिऱ्हाइकांना उत्तरे लिहीत राहील, पण बँकेचा ओटीपी येतो तो मालकाच्याच फोनवर. जाणते व्यावसायिक त्यासाठी चालू कामांची यादी, कुणाकडून किती येणे आहे आणि पासवर्ड कुठे ठेवले आहेत, एवढे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवतात.