चुंबकीय एकध्रुव : अतिसंवाहक शोध

केवळ उत्तर किंवा केवळ दक्षिण ध्रुव असलेला कल्पित कण म्हणजे चुंबकीय एकध्रुव. ही कल्पना प्येर क्यूरींनी १८९४ मध्ये मांडली होती; तथापि आजच्या अर्थाने तिचा आरंभ भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या १९३१ च्या लेखापासून धरणे अधिक रास्त.

शोधाचे तत्त्व खानदेशी दगडावरून समजते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या (बेसाल्टच्या) भित्ती, म्हणजे भेगांत निवलेला लाव्हा, बांध घातल्यासारख्या लांबवर उभ्या दिसतात. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. निवताना त्यातील मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाने तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. असा तुकडा द्रव हेलियमने थंड केलेल्या अतिसंवाहक (विद्युत रोध नसलेल्या) वेटोळ्यातून सरकवला, तर शिरताना प्रवाह उमटतो आणि तुकडा पार गेल्यावर पुरता ओसरतो, कारण दगडातल्या प्रत्येक ध्रुवाला जोडीदार असतो. एकध्रुव अडकलेला असेल तर मात्र प्रवाह मागे उरतो आणि रोध नसल्याने टिकतो. डिरॅकच्या सिद्धांतातील किमान चुंबकीय भाराला दर वेढ्यामागे फ्लक्सचे (वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाचे) २ क्वांटम, म्हणजे किमान एकके, बदलतात (१ क्वांटम सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर), कणाच्या वेगाशी वा वस्तुमानाशी या उडीचा संबंध नाही. पद्धतीची खरी ताकद इथे आहे.

स्टॅनफर्ड येथे ब्लास कॅब्रेरा यांनी नायोबियम तारेचे ५ सेंमी व्यासाचे, ४ वेढ्यांचे वेटोळे वापरले. १४ फेब्रुवारी १९८२ रोजी, रविवारी, ८ क्वांटमची उडी नोंदली गेली : अपेक्षेबरहुकूम (४ वेढे, दर वेढ्यामागे २). १५१ दिवसांत तेवढी एकच. यांत्रिक धक्क्याची शंका पुरती फिटली नाही आणि कॅब्रेरांनीही शोधाचा दावा केला नाही. एवढे एकध्रुव फिरत असते तर आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र टिकले नसते, हा पार्कर यांच्या मर्यादेचा आक्षेप प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानला आहे. कॅब्रेरांच्या पुढच्या मोठ्या वेटोळ्यांत उडी पुन्हा आली नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९८५ मध्ये एक संकेत मिळाला. त्याचाही उलगडा झाला नाही.

अडकलेल्या एकध्रुवांसाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधात ३३१ किग्रॅ. पदार्थ तपासले गेले, त्यांत ११२ किग्रॅ. उल्का होत्या. २०१३ च्या शोधात २४.६ किग्रॅ. अग्निज खडक होते, बहुतांश ध्रुवीय प्रदेशांतले. दोन्हींत काही सापडले नाही. भूचुंबकीय ध्रुवांखालील प्रावरणात (भूकवचाखालच्या थरात) एकध्रुव साठावेत, असा दुसऱ्या निवडीमागील तर्क. त्या कसोटीवर दक्षिण गोलार्धात, पण ध्रुवापासून दूर निवलेला खानदेशचा बेसाल्ट दुय्यम ठरतो.