लोंबतं पाऊल: लकव्याचं वेगळं, दबलेल्या नसेचं वेगळं

पाऊल वर उचलत नाही, चपलेचं टोक जमिनीला घासतं, उंबऱ्याला अंगठा अडतो. जळगाव-धुळ्याकडे अशा पायाला सरसकट 'लकवा मारला' म्हणतात. मग 'नसेवर मशीन बसवतात' असं कुणीतरी सांगतं आणि घरचे चौकशीला लागतात. पण पाऊल लकव्यानेही लोंबतं आणि नस दबल्यानेही, आणि नसेला करंट देणारं ते मशीन मात्र फक्त लकव्याच्या पायासाठी आहे.

गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचं गोल टोक हाताला लागतं. त्याच्या लगेच खालून वळसा घेऊन पेरोनियल नस पुढे येते. पाऊल उचलणारे स्नायू तिच्याच हुकमावर चालतात. लकव्यात बिघाड मेंदूत असतो, नस शाबूत असते. म्हणजे सबस्टेशन बंद, पण डीपीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंतची केबल धड. केबलला मधेच करंट दिला की मोटार फिरते. नस दबून आतले तंतू मेले असतील तर केबलच तुटलेली. शाबूत नसेला सुमारे ०.३ मिलिसेकंदाचा झटका पुरतो. नस मेलेल्या स्नायूला त्यापेक्षा कितीतरी लांब, दहा-शंभर मिलिसेकंदांचे झटके लागतात आणि चालण्याच्या मशीनमध्ये ते नसतात.

नस दबते कशाने? निंदणीला तासन्‌तास उकिडवं बसण्याने, गुडघ्याखाली घट्ट बसलेल्या प्लास्टरने, आजारपणात झपाट्याने वजन उतरल्याने. कुष्ठरोगही विसरू नका. २००५ साली देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, तरी नवे रुग्ण आजही निघतात. हाडाच्या टोकाशी नस दोरीसारखी जाड लागली किंवा अंगावर बधिर चट्टा असेल तर आधी ती तपासणी करा.

ओळखायला चाल पाहा. लकव्याचा माणूस ताठ पाय बाहेरून अर्धगोल फिरवत टाकतो, पाऊल आत वळतं, घोटा कडक असतो, बहुतेकदा त्याच बाजूचा हातही अधू असतो. नस दबलेला माणूस गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फटकन आपटतं. घोटा ढिला, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा. त्याला बसवून पाऊल आत वळवायला सांगा. जोर असेल तर संशय पेरोनियलवर. तोही गेला असेल तर कमरेतल्या मणक्याकडे बघावं लागतं. खात्रीसाठी नसेची करंट तपासणी दोन-तीन आठवड्यांनी करावी; पहिल्याच आठवड्यात केली तर निकाल फसवा येऊ शकतो.

आता मशीन. साध्या प्रकारात दोन चिकटपट्ट्या गुडघ्याखाली लावतात आणि टाचेखाली स्विच ठेवतात: टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद. पट्टी बोटभर सरकली तरी पाऊल वाकडं उचलतं. मे महिन्यातल्या घामात ती निघते, कातडी लाल होते. घरात अनवाणी वावरणाऱ्याला स्विच कुठे बसवायचा, हा प्रश्न वेगळाच. बसवलेल्या प्रकारात ऑपरेशन करून इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारं टोक, थेट नसेवर ठेवतात. काही प्रकारांत आत बॅटरी नसते; बाहेर पायाला बांधलेला कंट्रोलर कातडीतून रेडिओलहरींनी ऊर्जा देतो. दोन चॅनल, म्हणजे करंटच्या दोन वेगळ्या वाटा, असलेल्या प्रकारात एक नसेच्या खोल फांदीवर, दुसरा वरच्या फांदीवर असतो. खोल फांदी पाऊल उचलते पण आत ओढते, वरची बाहेर वळवते. दोन्हींचा जोर जुळवला की पाऊल सरळ टेकतं. पट्ट्यांची कटकट संपते, पण जखम चिघळणं, इलेक्ट्रोड सरकणं, नसेला इजा हे धोके येतात.

आमच्या मते, आधी पट्टीवर पाऊल नीट उचलत असेल तरच ऑपरेशनचं बोला. लकव्यानंतरचे पहिले काही महिने शरीर स्वतःच सुधारत असतं, तेवढा वेळ द्या. घोटा हाताने वाकवूनही काटकोनात येत नसेल तर करंटने काही होणार नाही. आधी ताण देणं, पाऊल धरणारा आधार म्हणजे स्प्लिंट, गरजेप्रमाणे इंजेक्शन. हृदयात पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर ते आधीच सांगा. पुढे कधी एमआरआय लागला तर त्या सेंटरला उपकरणाचं कार्ड दाखवल्याशिवाय आत जाऊ नका.

दबलेल्या नसेला लागतं ते असं: दाब काढणं, उकिडवं बसणं बंद, पाऊल धरणारा स्प्लिंट आणि धीर. तुटलेले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, त्यामुळे पाऊल हलायला महिने जातात.