धोकादायक कुत्रा आणि मालकाची जबाबदारी

पाळलेल्या कुत्र्यामुळे माणसाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर इजा होण्याचा संभव असेल, तर ती टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेण्याचे बंधन कुत्रा ताब्यात असणाऱ्यावर असते. भारताच्या फौजदारी कायद्यात 'धोकादायक कुत्रा' अशी वेगळी व्याख्या नाही आणि कोणत्याही जातीचे नावही नाही. विचारला जातो तो एवढाच प्रश्न : धोका दिसत होता का, आणि दिसत असताना साखळी धरणाऱ्याने काय केले? भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यांच्या बंदोबस्ताचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे येते, आणि वर्तमानपत्रांची बहुतेक जागाही तोच प्रश्न व्यापतो. या नोंदीचा विषय दारात बांधलेला, सोफ्यावर झोपणारा, सोसायटीच्या लिफ्टमधून खाली उतरणारा कुत्रा हा आहे.

जबाबदारीचा विचार आपल्याकडे जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दातांच्या आणि शिंगांच्या जनावरांबद्दल एक नियम सापडतो. जनावर एखाद्यावर धावून गेले आणि सोडवण्याची ताकद असूनही मालकाने त्या माणसाला सोडवले नाही, तर मालकाला 'प्रथम साहस' हा सर्वात खालच्या पायरीचा दंड. आणि संकटातल्या माणसाने ओरडून मदत मागितली असेल, तर त्याच्या दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जवळपास हाच नियम आहे. यातला ओरडण्याचा मुद्दा मोठा मार्मिक आहे. नुसता गाफील राहिलेला मालक आणि हाक ऐकूनही जागचा न हललेला मालक यांच्यात स्मृतिकारांनी फरक केला, आणि तोही दंडाच्या आकड्यात.

इंग्रजी रूढ कायद्याने वेगळी वाट धरली. वाघ किंवा माकड पाळणाऱ्याला त्या प्राण्याचा स्वभाव ठाऊक असणारच असे गृहीत धरले जाई. कुत्रा मात्र माणसाळलेला प्राणी, म्हणून त्याचा चावरेपणा मालकाला आधीपासून माहीत होता हे फिर्यादीने सिद्ध करायचे. यातूनच 'प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ' अशी समजूत पसरली. 1860 च्या भारतीय दंड संहितेने मात्र सरळ हलगर्जीपणावर बोट ठेवले. कलम 289 नुसार, ताब्यातल्या प्राण्यापासून संभवणाऱ्या धोक्याचा पुरेसा बंदोबस्त जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच मजकूर कलम 291 म्हणून आला. कैदेची मुदत तीच राहिली, दंडाची मर्यादा 5,000 रुपये झाली. प्रत्यक्ष इजा झाली तर कलम 125 आणि मृत्यू झाला तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याबद्दलचे कलम 106 ही जोडीला लावता येतात. कलम 106 खाली शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. जखमीला भरपाई हवी असेल, तर दिवाणी दाव्याची वाट निराळी.

कलमातला 'ताब्यातला' हा शब्द नीट वाचायला हवा. परवाना साहेबांच्या नावावर असतो, पण सकाळी सहाला चाळीस किलोच्या कुत्र्याला फिरवायला नेतो तो बहुधा घरकामाला ठेवलेला मुलगा. कुत्र्याने झेप घेतली तर हा मुलगा त्याच्यामागे फरफटत जाणार, हे बघणाऱ्याला लांबून कळते. अशा वेळी ताबा त्या मुलाचा होता असे म्हणून हात झटकणे सोपे नाही, कारण न आवरणारा कुत्रा त्याच्या हाती देणे हाच मुळात हलगर्जीपणा ठरू शकतो. सुट्टीत कुत्रा सांभाळायला ठेवून घेणारेही या कलमाच्या कक्षेत येतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना मालक मानावे का, हा वाद महाराष्ट्रातच पेटला होता. अशा लोकांनी कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये म्हटले, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या भूमिकेला स्थगिती दिली.

जुने कलम 289 प्रत्यक्षात कसे चालत असे, याचे चांगले उदाहरण मुंबईतले आहे. मे 2010 मध्ये नेपियन सी रोडवर दोन नातेवाइकांत मालमत्तेवरून रस्त्यातच बोलाचाली चालली होती. एकाच्या गाडीत त्याचा रॉटवायलर होता. कुत्रा आतून भुंकत होता, बाहेर येऊ पाहत होता. दुसऱ्याचे वय 72 वर्षे. दार उघडू नकोस, असे त्यांनी सांगितले. तरीही दार उघडले गेले. कुत्रा थेट त्यांच्यावर गेला आणि तीन चावे घेतले, दोन उजव्या पायाला व एक उजव्या हाताला. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला दोषी धरून तीन महिन्यांची कैद सुनावली, ती 2023 साली. गुन्ह्यात वाद घालण्याजोगे फारसे काही नव्हते. कुत्रा बिथरलेला दिसत होता, समोरचा विनवत होता, आणि दाराची मूठ मालकाच्याच हातात होती. तरी खालच्या न्यायालयातला निकाल लागायला साडेबारा वर्षे गेली. नवे कायदे हवेत अशी हाकाटी दर घटनेनंतर होते. जुना कायदा वेळेत चालवला तर काय होईल, हे मात्र आपण अजून पाहिलेले नाही.

त्याऐवजी सरकारांना जातींच्या याद्या सोयीच्या वाटतात. जुलै 2022 मध्ये लखनऊत एका ज्येष्ठ महिलेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि उत्तरेत एकच खळबळ उडाली. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवले : 23 जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री यांना परवानगी देऊ नये, आणि घरोघरी असलेल्यांची नसबंदी करून घ्यावी. ही यादी घाईत झाली असावी, हे ती वाचतानाच जाणवते. जपानी तोसा दोन ठिकाणी दोन नावांनी आला आहे. 'टेरियर' हे एकच नाव मोघम टाकलेले आहे, म्हणजे पिशवीत मावणारा यॉर्कशायर टेरियरही कागदोपत्री घातक ठरला. पत्राला ठिकठिकाणी आव्हान मिळाले. संबंधितांशी सल्लामसलत न करता ते काढले, या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते रद्द केले. त्यानंतर केंद्राने लोकांकडून सूचना व हरकती मागवल्या.

याद्यांचा सर्वात दीर्घ अनुभव ब्रिटनच्या गाठीशी आहे. 1991 च्या उन्हाळ्यात लागोपाठ झालेल्या हल्ल्यांनंतर, गृहमंत्री केनेथ बेकर यांच्या कारकिर्दीत, तिथे धोकादायक कुत्र्यांचा कायदा झपाट्याने संमत झाला. पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. पिटबुल ही तिथल्या केनेल क्लबची मान्यताप्राप्त जात नसल्याने कुत्रा त्या 'प्रकारचा' आहे की नाही, हे वंशावळीऐवजी अंगकाठी मोजून ठरवावे लागे, आणि न्यायालयांत कवटीची रुंदी नि पायांची ठेवण यांवर साक्षी चालत. सुरुवातीला कायद्यात सूट जवळजवळ नव्हतीच. 1997 च्या दुरुस्तीने निरुपद्रवी कुत्र्याला मुसके, नसबंदी आणि नोंदणी या अटींवर जगू देण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. एवढे करून झाल्यावर एक्सएल बुली हा नवाच भारदस्त प्रकार लोकप्रिय झाला. काही जीवघेण्या हल्ल्यांनंतर त्याचीही यादीत भर पडली : 31 डिसेंबर 2023 पासून त्याची विक्री व पैदास बंद, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंड व वेल्समध्ये सवलतपत्राशिवाय तो बाळगणे गुन्हा. दांडगा कुत्रा हवा असणारा माणूस यादीबाहेरचा कुत्रा शोधतो आणि यादी त्याच्या मागून धावते. नेदरलँड्सने 1993 मध्ये आणलेली पिटबुलबंदी पंधराएक वर्षांनी मागे घेतली. इटलीने 2009 मध्ये जातींची यादी रद्द करून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

ब्रिटनच्या त्याच कायद्यातले कलम 3 फारसे गाजत नाही, पण अधिक कामाचे आहे. कोणत्याही जातीचा कुत्रा 'धोकादायकरीत्या बेताल' असेल तर त्याची जबाबदारी मालकावर, आणि ज्याच्या हाती तो त्या वेळी असेल त्याच्यावर. चावा लागलाच पाहिजे असेही नाही. कुत्रा आपल्याला इजा करील अशी रास्त भीती वाटली तरी पुरते. 2014 पासून ते खासगी जागेतही लागू आहे. मृत्यू झाल्यास इंग्लंड व वेल्समध्ये 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

जात अगदीच गौण आहे असेही नाही. मोठ्या जबड्याचा, पकड न सोडणारा कुत्रा चावला तर जखम खोल होते. पॉमेरेनियनच्या चाव्याने सहसा जीव जात नाही. पण कोणता कुत्रा चावेल, हे जातीवरून नेमके सांगता येत नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी केवळ 9 टक्क्यांच्या आसपास फरकांचा उलगडा जातीवरून झाला. उरलेल्यात त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड आला, संगोपन आले, आणि तो कोणत्या परिस्थितीत वाढला हेही आले. तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच्या वयात पिल्लाला अनोळखी माणसे, मुले, गाड्या, इतर कुत्री यांची सवय लागली नाही, तर पुढे त्याला प्रत्येक अनोळखी गोष्टीची धास्ती वाटू शकते, आणि कुत्री बरेचदा भीतीपोटीच चावतात. राखणीला म्हणून दिवसरात्र साखळीला जखडलेला कुत्रा याच कारणाने बिघडतो. तो सुटला की काय होते, ते वस्तीवर राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

चावण्याआधी कुत्रा बहुधा इशारा देतो. अंग ताठ होते, शेपूट स्थिरावते, मान न वळवता डोळे तिरके होऊन त्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, ओठ वर जातो, मग गुरगुर. पुष्कळ मालक गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका देतात. याचा परिणाम उलटा होतो : मनातली धास्ती तशीच राहते, इशारा देण्याची सवय मात्र मोडते, आणि नंतर 'काही कारण नसताना एकदम चावला' अशी तक्रार होते. लहान मुलांना चावणारा कुत्रा बरेचदा घरचा किंवा ओळखीचाच असतो. तो जेवत असताना, झोपेत असताना किंवा आजारी असताना मूल त्याच्या अंगावर गेलेले असते. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ, त्यामुळे जखमा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीत ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'घाबरू नका, तो काही करत नाही.' ते म्हणणारा सहसा खोटे बोलत नसतो. त्याला घरात तो कुत्रा काही करत नाही. पण लिफ्टचे दार उघडते, समोर पिशव्या घेतलेल्या आजी उभ्या असतात, कुत्रा दचकतो, आणि पट्टा सैल असतो. तेव्हा घरातल्या वागणुकीचा दाखला उपयोगाचा नसतो. बंगल्याच्या फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटीही मालकाला वाटते तेवढी त्याच्या बाजूची नाही. आगंतुकाला तिने सूचना मिळते हे खरे. पण कुत्रा अंगावर येतो हे मालकाला ठाऊक होते, याचा लेखी पुरावाही तीच देते. टपालवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत कामानिमित्त येणाऱ्यांसाठी कुत्रा बांधून ठेवणे हे पाटीने टळत नाही.

मालकाच्या रोजच्या कर्तव्यांबद्दल नियम आहेत, पण विखुरलेले. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे पाळीव प्राण्याचे लसीकरण, नसबंदी, नियंत्रित पैदास आणि परवाना ही कामे मालकाची. महापालिका परवाना देतात, पण तो काढणारे कमी. नोएडा प्राधिकरणाने 2022 च्या अखेरीस एक सडेतोड तरतूद केली : पाळीव प्राण्यामुळे अपघात झाल्यास मालकाला 10,000 रुपये दंड, शिवाय जखमीच्या उपचाराचा खर्च. दुसरीकडे, सोसायटीला सरसकट 'कुत्री पाळू नयेत' असा ठराव करता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्याच सूचना मालकांनी शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, असेही सांगतात. भांडणात हा भाग कुणी वाचून दाखवत नाही.

चावा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार. चुना, हळद, मिरचीपूड यांपैकी काही लावू नये. त्यानंतर विनाविलंब रुग्णालय, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. इथे मालकाचे काम स्वच्छ आहे : कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड दाखवणे, दहा दिवस त्याला नजरेखाली बांधून ठेवणे आणि तो आजारी पडला तर लगेच कळवणे. लस टोचलेली असली तरी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

चाव्यानंतर त्या कुत्र्याचे पुढे काय, याचे धड उत्तर आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये न्यायालय त्याला मारण्याचा किंवा अटींवर ठेवण्याचा हुकूम देते. भारतात केवळ चावला म्हणून कुत्र्याला मारता येत नाही, आणि त्याच्या स्वभावाची पारख करून मुसके, नसबंदी, प्रशिक्षण अशा अटी घालणारी ठरलेली यंत्रणाही नाही. त्यामुळे घाबरलेला मालक बरेचदा त्याला लांबच्या रस्त्यावर सोडून येतो, आणि बिथरलेला कुत्रा भटक्यांच्या हिशेबात जमा होतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड 50 रुपये.